मेतकुटाच्या लेबलावर पैसे नेमके कुठे घालावेत?

बडोद्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई गेली वीसेक वर्षं घरी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि दिवाळीचा फराळ करून विकतात. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं. पांढऱ्या स्टिकरवर सासऱ्यांनी कधीकाळी लिहून दिलेली लाल अक्षरं छापून आणली की काम भागायचं. आता दांडिया बाजारातलं एक दुकान आणि अलकापुरीतलं एक मोठं किराणा दुकान माल ठेवायला तयार झालंय. भाच्याने मोबाइलवर लोगो करून दिलाय: सोनेरी वर्तुळात नऊवारीतली बाई आणि खलबत्ता. एका डिझायनरने ४,००० रुपये सांगितले, दुसऱ्याने ६०,०००. छपाई धरून हाताशी ४०,००० आहेत. काम कुणाला द्यावं, आणि नाव मराठीत घालावं, गुजरातीत की इंग्रजीत?

ताई, मी बडोद्यातच छोटा डिझाइन स्टुडिओ चालवते आणि आमच्याकडे येणारं निम्मं काम खाण्याच्या वस्तूंचं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही लोगोबद्दल विचारलंय, पण अडचण वेगळ्या ठिकाणी आहे असं मला वाटतं. आजवर गिऱ्हाईक सासूबाईंना ओळखत होतं. लेबलाचं काम इतकंच होतं की घरात मेतकुटाचा डबा कोणता आणि मसाल्याचा कोणता ते कळावं. अलकापुरीच्या दुकानात जी बाई डबा हातात घेईल तिला सासूबाई माहीत नाहीत, आणि ती गुजराती असेल तर बहुतेक मेतकूटही माहीत नाही. हे काय आहे, कशाबरोबर खायचं, कुणी केलंय, या तीन गोष्टी तिला डबा खाली ठेवायच्या आत कळल्या पाहिजेत. कितीही सुंदर लोगो असला तरी यातली पहिली दोन उत्तरं तो देऊ शकत नाही. ती लेबलच देतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगते. दुकानांचं अजून नुसतं बोलणंच चालू असेल आणि विक्री मुख्यतः दिवाळीच्या ऑर्डरींची असेल, तर या वर्षी जुनंच स्टिकर बऱ्या कागदावर छापा आणि पैसे राखून ठेवा. पुण्या-मुंबईला कुरिअरने किंवा परदेशी पाठवायचं असेल तर पॅकिंगचा खर्च डिझाइनच्या पुढे जाईल, तो हिशोब वेगळा. दुकानांनी खरोखर जागा दिली आहे आणि मेतकूट, भाजणी, मसाला हे तीन पदार्थ बारा महिने ठेवायचे आहेत, असं धरून पुढचं लिहिते.

सुरुवात नावापासून करा. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण ‘आजीचं’, ‘घरगुती’, ‘शुद्ध’ अशा शब्दांवर ते उभं असेल तर सावध राहा. मालाचं नुसतं वर्णन करणारे शब्द ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाहीत, आणि मिळाले तरी दुसऱ्याला रोखणं अवघड जातं. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट करता येतो. मसाले आणि पिठं वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये. पुढे लोणची करणार असाल तर दोन्ही वर्गांत बघा. अर्ज ऑनलाइन केला तर व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात, नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. शक्य असेल तर अर्ज चित्राचा न करता नुसत्या शब्दाचा करा. उद्या अक्षरांची धाटणी बदलली तरी शब्दाचं संरक्षण कायम राहतं. सासूबाई वीस वर्षं हे नाव वापरताहेत याचेही पुरावे जमवा: जुनी बिलं, प्रदर्शनाच्या पावत्या, तारीख दिसणारे फोटो. आधीपासूनचा वापर कायद्यात मोलाचा असतो. आणि नोंदणी होईपर्यंत नावापुढे गोलातला आर छापू नका, त्यासाठी दंड होऊ शकतो. टीएम लिहायला हरकत नाही.

आता सासऱ्यांची लाल अक्षरं. ती टाकू नका असं मी अगदी आग्रहाने सांगेन. तुमच्याकडे असलेली सगळ्यात किमती गोष्ट तीच आहे. वीस वर्षं जी घरं तुमचा माल घेताहेत त्यांच्या डोळ्यांत ती बसलेली आहेत, आणि तशी अक्षरं दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नाही. जुन्या स्टिकरची जितकी स्वच्छ प्रत मिळेल तितकी मिळवा, जमलं तर त्यांच्या हातचा मूळ कागदच, आणि डिझायनरला सांगा की ही अक्षरं तशीच्या तशी रेखून द्या. झेरॉक्सवर झेरॉक्स झाल्यामुळे कडा फुटल्या असतील, वेलांट्या भरून गेल्या असतील, त्या साफ करायच्या. एक अक्षर दुसऱ्यापेक्षा जाड असेल तर जाडी थोडी जुळवायची. वळण मात्र त्यांचंच ठेवायचं. फॉन्टमध्ये अनेकदा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, मराठी वाचणाऱ्याला ते लगेच परके वाटतात. सासऱ्यांच्या हातचा ‘ल’ मराठी वळणाचाच असणार. ‘मसाला’ या एका शब्दातसुद्धा तो फरक दिसतो.

लिपीचा तुमचा प्रश्न बडोद्यात फार खरा आहे. इथे मराठी घरं आहेत, गुजराती शेजार आहे आणि कागदपत्रं इंग्रजीत. मी तो असा सोडवते. लेबलावरचा सक्तीचा मजकूर अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागतो, दुसरी भाषा जोडीला चालते. म्हणजे मागची बाजू इंग्रजीत ठेवा आणि तो विषय संपवा. पुढच्या बाजूला नाव देवनागरीत मोठं, कारण तुमची ओळख त्याच अक्षरांत आहे आणि शाळेत हिंदी शिकलेला गुजराती माणूस देवनागरी सहज वाचतो. पदार्थाचं नाव देवनागरी आणि गुजराती दोन्हींत. हा पदार्थ म्हणजे काय ते सांगणारी एक ओळ फक्त गुजरातीत घातली तरी चालेल, कारण मराठी माणसाला मेतकूट समजावून सांगावं लागत नाही. रोमन स्पेलिंग मात्र आजच एकदा ठरवून टाका. ‘ऊ’साठी यू की डबल ओ, हे अर्जावर, यूपीआयच्या पाटीवर, इन्स्टाग्रामवर आणि लेबलावर एकच हवं. इथे गोंधळ झाला की शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही.

दोन लिप्या शेजारी ठेवताना डिझायनरचा कस लागतो, आणि तुम्ही कुणाला काम देताय ते याच ठिकाणी पारखून घ्या. ग, त, न, प, म, व, स अशी बरीच अक्षरं दोन्हीकडे सारखी दिसतात, पण क, ज, फ, इ अगदी वेगळी आहेत. मोठा फरक शिरोरेषेचा. गुजरातीला ती नाही. त्यामुळे सारख्या मापात दोन ओळी ठेवल्या की वरची रेघ देवनागरीला वजन देते आणि गुजराती ओळ फिकी पडते. उपाय म्हणजे गुजराती अक्षर किंचित मोठं आणि किंचित जाड घ्यायचं, दोन्ही डोळ्यांना समान वाटेपर्यंत. हल्ली काही जण दोन्ही लिप्या जुळाव्यात म्हणून देवनागरीचीच शिरोरेषा काढून टाकतात. मोठ्या पाटीवर ते खपून जातं. लेबलावर नको. बारीक आकारात रेघ गेली की भ आणि म, घ आणि ध यांत गल्लत होते, आणि तुमच्या भाजणीची ‘माजणी’ होईल.

बारीक मजकुरासाठी फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट देवनागरीसाठी आहे आणि त्याच घरातला ‘मुक्ता वाणी’ गुजरातीसाठी. दोन्ही मुक्त परवान्यावर मिळतात, धंद्यासाठी वापरता येतात आणि एकमेकांशी जुळवूनच काढलेले आहेत.

आता एक लेबल जवळून बघू. डब्याच्या मापाने ७० मिलिमीटर रुंद आणि १०० उंच धरा. वरच्या भागात सासऱ्यांच्या लाल अक्षरांत नाव, तिन्ही पदार्थांवर त्याच जागी आणि त्याच मापात. मधोमध ‘मेतकूट’, नावापेक्षाही मोठं. पहिली काही वर्षं पदार्थाचं नाव मोठं असावं असं माझं मत आहे, कारण दुकानात माणूस आधी पदार्थ शोधतो. त्याखाली गुजरातीत तेच नाव आणि ती एक ओळ: भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ, गरम मऊ भातावर तूप घालून खायचं. खाली वजन आणि शाकाहाराची हिरवी खूण. दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्या खुणेचा ठिपका किमान ३ मिलिमीटर व्यासाचा आणि भोवतीचा चौकोन किमान ६ मिलिमीटरचा लागतो. तुमचं लेबल ७० चौरस सेंटिमीटरचं आहे, तेव्हा हेच माप. मी सहसा ७ ठेवते, म्हणजे छपाईत थोडं इकडेतिकडे झालं तरी नियमात बसतं.

‘मेतकूट’ हा शब्द मांडताना एक गोष्ट ध्यानात येईल. वर मात्रा आणि खाली दीर्घ ऊकार असल्याने दोन्हीकडे जागा सोडावी लागते, आणि मधलं मूळ अक्षर लहान होतं. तेच नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये घातलं तर सगळी उंची भरून टाकतं. म्हणून शेजारी रोमन असेल तर ते मुद्दाम लहान करावं लागतं. ‘भाजणी’ला खाली काहीच नाही, त्यामुळे त्याच चौकटीत ती मेतकुटापेक्षा मोठी वाटेल. तिन्ही लेबलं एका ओळीत ठेवून मूळ अक्षराची उंची जुळवायची, चौकटीची नव्हे. संगणकावरचं माप इथे कामाला येत नाही, डोळ्यानेच ठरवावं लागतं.

मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, मेतकुटात गहू घालत असाल तर ग्लूटेनची सूचना, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या चिन्हासह परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, बॅच, तारखा, सर्व करांसहित किंमत, युनिटचा (म्हणजे दर ग्रॅमचा किंवा किलोचा) भाव आणि तक्रारीसाठी फोन. जो माणूस तुमचा परवाना सांभाळतो त्याच्याकडून हा मजकूर छापण्याआधी एकदा तपासून घ्या. मोठ्या किराणा दुकानाने बारकोड मागितला तर त्याचीही जागा आत्ताच ठेवा. नेहमीचा १३ अंकी बारकोड आजूबाजूच्या पांढऱ्या जागेसकट ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटरचा असतो आणि तो ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो. रेघा काळ्याच ठेवा. लाल रेघा सुंदर दिसतील, पण लाल उजेडाच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत.

छपाई. इतक्या कमी नगांना ऑफसेट किंवा छापील पाउचच्या फंदात पडू नका. पाउचसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, आणि त्याचा खर्च नग खूप असले तरच वसूल होतो. डिजिटल प्रेसवर १३ बाय १९ इंचांच्या स्टिकर शीटवर काढा. इथे मापाचा थेट पैशाशी संबंध आहे: ७० बाय १०० चं लेबल शीटवर उभं लावलं तर १६ बसतात, आडवं लावलं तर १८. उंची १०० ची ११० केलीत की पुन्हा १६ वर याल. तेव्हा माप पक्कं करायच्या आधी प्रेसवाल्याशी बोला. साधा कागदी स्टिकर हळदीच्या आणि तेलाच्या बोटांनी पिवळा पडतो, म्हणून लॅमिनेशन करा किंवा प्लॅस्टिक फिल्मचा स्टिकर घ्या. मात्र गुळगुळीत लॅमिनेशनवर तारखेचा शिक्का पुसला जातो. तुमची शिक्क्याची शाई आधी नमुन्यावर मारा, वाळली की बोटाने घासून बघा, मगच ठरवा. क्राफ्ट कागदाचा मोह मसाल्याच्या धंद्यात सगळ्यांना होतो. त्यावर लाल रंग विटकरी होतो आणि पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो, आणि तुमची ओळख तर लाल रंगाचीच आहे.

भाच्याने मनापासून करून दिलेलं चित्र मी लेबलावर घेणार नाही. त्याच्या कामात खोट आहे असं नाही. नऊवारीतली बाई आणि खलबत्ता हे मराठी मसाल्यांवर इतक्या ठिकाणी आहे की त्यावरून कुणी तुम्हाला ओळखणार नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या लहानशा गोलात त्या बाईचा सोनेरी ठिपका होतो. आपल्याकडे चित्राची ओढ जुनी आहे. लक्ष्मी विलास राजवाड्यात ज्यांची चित्रं आहेत त्या राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईला छापखाना काढला, आणि त्यांच्या देव-देवता पुढे घरोघरी कॅलेंडरांवर आल्या. चित्र तेच असायचं, खाली दुकानदाराचं नाव तेवढं बदलायचं. कोणत्या दुकानाचं कॅलेंडर ते नावावरूनच कळायचं. तुमचंही तसंच आहे, म्हणून पैसा अक्षरांवर घाला. भाच्याला लेबल तयार झाल्यावर फोटो काढायचं आणि इन्स्टाग्राम सांभाळायचं काम द्या. त्या कामाला तुम्हाला माणूस लागणारच आहे.

४,००० आणि ६०,००० यांत फरक कशाचा, हे दोघांनाही विचारा. ४,००० मध्ये बहुतेक एक चित्र मिळेल, त्यातही तयार साठ्यातलं चिन्ह असण्याची शक्यता बरीच. ६०,००० मध्ये कदाचित पाटी, पिशव्या, व्हिजिटिंग कार्ड, वेबसाइटचं पान असं सगळं धरलेलं असेल, ज्यातलं निम्मं तुम्हाला आज लागत नाही. तुम्ही काम मोजून मागा: जुन्या अक्षरांची रेखणी, गुजराती आणि रोमन जोड, तीन लेबलांचा एकच साचा, प्रत्यक्ष छापलेला नमुना तपासून देणं, आणि शेवटी सगळ्या फाइली. ४०,००० मधून ट्रेडमार्कचे ४,५०० बाजूला काढा, छपाईला दहा-बारा हजार ठेवा, आणि उरलेल्यात हे काम करून देणारा तिसरा कुणीतरी शोधा. आपल्या सयाजीराव विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सच्या उपयोजित कला विभागातून शिकून स्वतंत्र काम करणारी पुष्कळ मुलं-मुली शहरात आहेत. आधी केलेलं एखादं गुजराती-देवनागरी लेबल दाखवायला सांगा. पडद्यावर नको, छापलेलं.

व्यवहार कागदावर करा. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट, लेखी लिहून घेतला नाही तर, सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आला असं होत नाही. हस्तांतराच्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचा. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ असे शब्द घालून सही घ्या. फाइली पीडीएफ आणि एसव्हीजीमध्ये घ्या, अक्षरं आकृतीत बदललेली. नाहीतर जुना फॉन्ट वापरणाऱ्या प्रेसवर मात्रा सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. मजकूर युनिकोडमध्ये वेगळाही मागून ठेवा, पुढच्या वर्षी घटक बदलले तर पुन्हा टाइप करावा लागणार नाही.

वेळेचं गणित बडोद्यात नवरात्रीवर चालतं. गरब्याचे पास, बॅनर, होर्डिंग सुरू झाले की प्रेसवाले तुमच्या दोन-तीनशे लेबलांना हात लावत नाहीत, आणि नवरात्र संपेपर्यंत फराळाच्या ऑर्डरी डोक्यावर आलेल्या असतात. म्हणून गणपतीपूर्वी अक्षरं आणि साचा पक्का करा. पितृपक्षात नवीन काही छापायला सासूबाई कदाचित नको म्हणतील, पण नमुना काढायला त्यांची हरकत नसावी. ते दिवस नमुन्यासाठीच ठेवा. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात तिन्ही लेबलं काढा, डब्यांना चिकटवा, आणि अलकापुरीच्या दुकानदाराला विचारून त्याच्याच फळीवर, शेजारच्या मालाच्या मधे ठेवून चार पावलं मागे येऊन बघा. मेतकूट कधी न खाल्लेल्या एखाद्या शेजारणीला सोबत न्या आणि तिला काही न सांगता वाचायला लावा. ती कुठे अडखळली ते लिहून डिझायनरला द्या. घटस्थापनेच्या आधी फाइल प्रेसकडे गेली पाहिजे.

जुन्या स्टिकरचा स्वच्छ फोटो आणि डब्याचं माप इथे टाकलंत तर अक्षरांच्या रेखणीबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.